विषाच्या आधीचा उंदीर

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनवर फवारणी करणाऱ्याला हे रंग तोंडपाठ असतात. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा त्यामानाने सौम्य. हा रंग ठरतो तो बहुतेक वेळा पांढऱ्या उंदरावरून. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात तिला एलडी 50 म्हणतात. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे ती दर किलो वजनामागे 1 ते 50 मिलिग्रॅम असली तर लाल, 51 ते 500 असली तर पिवळा, 501 ते 5000 असली तर निळा आणि त्याहून जास्त असली तर हिरवा.

पण विष देण्याच्या आदल्या दिवशी तो उंदीर कसा होता? धडधाकट होता की आधीच सर्दीने बेजार? त्याचं वजन वाढत होतं की थांबलं होतं? हे लिहून ठेवलेलं नसेल तर पुढे जे दिसेल ते विषाचं की आधीच्या दुखण्याचं, हे कोणालाही सांगता येणार नाही. या आधीच्या नोंदीला पायाभूत मोजमाप म्हणतात. ते कसं करतात, ते आपण इथे क्रमाने पाहू.

परभणीत हे काम समजून घ्यायला जागा आहे. 1972 मध्ये सुरू झालेलं इथलं पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. तिथे औषधशास्त्र व विषशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. कीटकनाशक असो, जनावरांचं औषध असो की एखाद्या झाडपाल्याचा अर्क, त्याचा विषारीपणा तपासताना पहिले काही दिवस विषाला हातच लावायचा नसतो.

परीक्षा दोन तऱ्हेच्या असतात. एकदाच मात्रा देऊन पुढे 14 दिवस पाहायचं, ती तीव्र विषपरीक्षा. रोज थोडी मात्रा 28 किंवा 90 दिवस द्यायची, ती पुनरावृत्त मात्रेची परीक्षा. पायाभूत नोंद दोन्हीकडे लागते, पण दुसरीत तिच्यावाचून पाऊलही टाकता येत नाही. 28 दिवसांच्या परीक्षेसाठी जगभर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 407 क्रमांकाची मार्गदर्शिका वापरतात. पुढचे बरेच आकडे तिच्यातलेच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. निरोगी उंदराचे आकडे पुस्तकात मिळतात, पण ते पुस्तकातल्या उंदराचे असतात. आपल्या खोलीतल्या, आपलं पाणी पिणाऱ्या आणि परभणीचा मे महिना सोसणाऱ्या उंदराचे आकडे आपल्यालाच काढावे लागतात.

परवानगी आणि खरेदी

पहिली पायरी कागदावरची. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची एक समिती आहे. तिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. तिच्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेतच असे प्रयोग करता येतात. उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या प्रयोगाला त्या संस्थेची स्वतःची प्राणी नीती समिती मंजुरी देते. अर्जात किती उंदीर, का तेवढेच आणि प्रयोगानंतर त्यांचं काय, हे लिहावं लागतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे पायाभूत मोजमापासाठी लागणारे उंदीर अर्जात न धरणं. मग ऐनवेळी ते कमी पडतात आणि कोणी तरी म्हणतं, ‘जाऊ द्या, पुस्तकातला आकडा टाकू.’ घोटाळ्याची सुरुवात इथेच होते.

दुसरी पायरी खरेदीची. उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच घ्यायचे. आपल्याकडे बहुतेक वेळा विस्टार जातीचे पांढरे उंदीर वापरतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत 1906 च्या सुमारास ही जात तयार झाली. एकाच वेळी, एकाच केंद्रातून, जवळजवळ एकाच वयाचे उंदीर मागवावेत. मादी आधी व्यालेली किंवा गाभण नसावी. मात्रा सुरू होताना उंदीर नऊ आठवड्यांपेक्षा मोठा नसावा, म्हणून येतानाच तो सहा-सात आठवड्यांचा असलेला बरा.

पेटी उघडल्यावर नाक, डोळे, कान, शेपूट, दात आणि गुदद्वार या क्रमाने प्रत्येक उंदीर तपासावा. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लालसर खपली दिसली तर नवखा माणूस घाबरतो. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या एका ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य पाझरतं आणि उंदीर ताणात असला, आजारी असला की ते जास्त दिसतं. प्रवासानंतर एक-दोन दिवसांत ते ओसरलं तर काळजी नाही. टिकून राहिलं, सोबत श्वासाला घरघर असली, तर तो उंदीर प्रयोगात घेऊ नये. श्वसनमार्गाचा मायकोप्लाझ्मा संसर्ग उंदरांत जुनाट असतो आणि एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात सरकतो.

खोली : परभणीची खरी अडचण

मार्गदर्शिका सांगते, खोलीचं तापमान 22 अंश सेल्सिअस, तीन अंश इकडे-तिकडे. आर्द्रता 50 ते 60 टक्के असावी, 30 च्या खाली आणि 70 च्या वर शक्यतो जाऊ नये. बारा तास उजेड, बारा तास अंधार. कागदावर हे सोपं दिसतं. पण परभणीत मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत तोच एकअंकी होतो. उंदराच्या खोलीला दोन्ही टोकं सांभाळावी लागतात.

उंदराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जास्तीची उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर स्वतःची लाळ अंगाला चोपडतो. ती लाळ वाळताना अंग थंड होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या उंदराचीही लाळच गळते. डोळ्यांभोवतीची लाली दोन्हीकडे दिसू शकते, हनुवटी दोन्हीकडे भिजलेली असते. खोली 34 अंशांवर गेलेल्या दुपारी ‘लाळ : आहे’ अशी नोंद करणाऱ्याने नेमकं काय नोंदवलं? विष की ऊन? विष दिलेला आणि न दिलेला असे दोन्ही गट एकाच खोलीत असले तर उत्तर मिळण्याची आशा तरी असते. म्हणून नोंदवहीत प्रत्येक निरीक्षणाशेजारी त्या वेळचं खोलीचं तापमान लिहिण्याची सवय लावून घ्या.

थंडीतला घोटाळा याच्या उलट असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं उंदराचं अंग गार पाडतात. खोलीच गारठलेली असली तर अंगाचं तापमान किती विषाने उतरलं आणि किती थंडीने, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय पुष्कळ विषांची तीव्रता भोवतालच्या तापमानाप्रमाणे कमीजास्त होते. म्हणजे खोली बिघडली तर नोंदही बिघडते आणि विषाचा परिणामही.

कोरड्या उन्हाळ्यात साधा वाळ्याचा कूलर खोली थंडही करतो आणि ओलही देतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण पहिला पाऊस पडला की तोच कूलर आर्द्रता 70 च्या पार नेतो. पिंजऱ्यातलं भाताचं तूस ओलं होतं आणि मूत्रातून अमोनिया सुटतो. अमोनियाने नाक-फुप्फुसं चुरचुरतात आणि आधी दबलेला श्वसनाचा आजार वर येतो. एसी लावला तर उलट हवा कोरडी पडते. फार कोरड्या हवेत लहान उंदरांच्या शेपटीवर कड्यांसारखे आवळे पडतात. थोडक्यात, तापमापक आणि आर्द्रतामापक दोन्ही हवेत, आणि तेही दाराशी नको, पिंजऱ्यांच्या उंचीवर हवेत.

उजेडाचं घड्याळ हा कोणाच्या ध्यानातच न येणारा भाग. दिवे चालू-बंद करणारा साधा टायमर विजेवर फिरतो. वीज तीन तास गेली की तो तीन तास मागे पडतो. आठवड्यात चार वेळा अशी वीज गेली तर उंदराची रात्र सकाळी सुरू होते. उंदीर निशाचर आहे. त्याच्या ताणसंप्रेरकाची पातळी अंधार पडण्याच्या सुमारास सर्वांत वर असते. घड्याळ सरकलं की सकाळी दहाला काढलेल्या रक्ताचा अर्थही सरकतो. बॅटरीवर चालणारा टायमर घ्या, नाहीतर वीज आल्यावर रोज घड्याळ लावा.

पाण्याचंही पाहा. मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बाटलीच्या नळीतल्या गोळीवर क्षार बसतात आणि ती अडकते. बाटली भरलेली दिसते, उंदीर मात्र तहानलेला असतो. तहानेने रक्त दाट होतं, युरिया वाढतो, आणि नोंदवही म्हणते, मूत्रपिंडाला धक्का! रोज सकाळी प्रत्येक नळीला बोट लावून थेंब येतो का पाहायला दोन मिनिटं लागतात.

रुळण्याचे दिवस

मार्गदर्शिका किमान पाच दिवस रुळू द्यायला सांगते. प्रवास लांबचा असला तर आठवडाभर द्यावा, असं माझं मत. या दिवसांत त्यांना नुसतं ठेवून द्यायचं नाही, हाताची सवय लावायची. रोज ठरावीक वेळी, एकाच माणसाने, प्रत्येक उंदीर खांद्यांमागून तळहाताने आधार देत उचलायचा, थोडा वेळ धरायचा, परत ठेवायचा. शेपटीच्या टोकाला धरून लोंबकळवू नये. तिथली कातडी सोलवटून निघते.

हे लाड म्हणून सांगत नाही. अनोळखी हाताने उचललेल्या उंदराचं तापमान काही मिनिटांत जवळजवळ एक अंशाने चढतं, नाडी धावते, रक्तातली साखर वाढते. सवय न लावता घेतलेली पायाभूत नोंद ही घाबरलेल्या उंदराची नोंद असते. पुढे चार आठवड्यांत तो आपोआप माणसाळतो, आकडे खाली येतात, आणि औषधाने साखर कमी केली असा शोध लागतो.

वजन : थांबलेला उंदीर आजारी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकं मोजमाप म्हणजे वजन. वाढत्या वयातला नर दिवसाला चार-पाच ग्रॅम सहज मिळवतो, मादी त्याहून कमी. म्हणून अंगणवाडीतल्या बाळाच्या वजनाच्या तक्त्यासारखंच इथेही एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेषेचा चढ पाहायचा. सोमवारी 180 ग्रॅम आणि पुढच्या सोमवारीही 180 ग्रॅम भरणारा तरुण नर ‘स्थिर’ नाही, तो आजारी आहे. विष देण्याआधीच असा सपाट उंदीर बाजूला काढावा.

वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, शक्यतो सकाळी. उंदीर रात्री खातो, त्यामुळे सकाळचं आणि संध्याकाळचं वजन वेगळं भरतं. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचं वजन आणखी बरंच उतरतं. मात्रा उपाशी वजनावर काढणार की भरल्या पोटाच्या, हे आधी ठरवून तसंच लिहा. काट्यावर उंदीर हलतो म्हणून डब्यात ठेवून आकडा थांबेपर्यंत थांबा. काट्याची खात्री रोज एका माहीत असलेल्या वजनाने करा.

सोबत खाणं आणि पाणी. मोठा उंदीर दर 100 ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे 10 ग्रॅम खाद्य खातो आणि 10 ते 12 मिलिलिटर पाणी पितो. पिंजऱ्यात टाकलेल्या गोळ्या वजा उरलेल्या गोळ्या असा हिशेब असतो, पण उंदीर गोळ्या कुरतडून तुसात सांडतो. तो चुरा चाळून मोजला नाही तर उंदीर आहे त्यापेक्षा खादाड दिसतो. पावसाळ्यात खाद्याच्या पोत्याला बुरशी लागत नाही ना, तेही पाहा. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन स्वतःच यकृताचं विष आहे.

डोळ्यांनी पाहायची नोंद

मात्रा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक उंदराचं एकदा तरी सविस्तर निरीक्षण व्हावं आणि पुढे दर आठवड्याला तसंच व्हावं, असं मार्गदर्शिका सांगते. उंदीर पिंजऱ्याबाहेर एका ठरावीक मोकळ्या खोक्यात ठेवायचा. केस चकचकीत की विस्कटलेले, चाल कशी, थरथर आहे का, बाहुल्या मोठ्या की बारीक, लाळ, विष्ठा, आवाजाला दचकतो का, पाठीवर टाकला तर पटकन उलटतो का, पुढच्या पायांची पकड किती. प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण असावेत. ‘ठीक वाटतो’ ही नोंद नव्हे.

छापील तक्त्यात कधी कधी ‘उलटी’ असा रकाना असतो. तो कुत्र्यांच्या परीक्षेतून उचललेला असतो. उंदराला उलटी करताच येत नाही. पोटात गेलेली मात्रा तो बाहेर टाकू शकत नाही, हे विषपरीक्षेच्या दृष्टीने सोयीचंच आहे. जाता जाता सांगायचं तर त्याला पित्ताशयही नसतं, तेव्हा शवविच्छेदनात ते शोधत बसू नका.

निरीक्षण करणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटात जाणार हे ठाऊक नसावं. माणूस बदलला की गुण बदलतात. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच जोडी असावी.

तापमान, श्वास, नाडी

विश्रांतीतला उंदीर मिनिटाला साधारण 70 ते 115 वेळा श्वास घेतो आणि त्याची नाडी 250 ते 450 चालते. शरीराचं तापमान 37 अंशांच्या आसपास. श्वास मोजताना उंदराला हातात धरू नका. पिंजऱ्यातच, बरगड्यांची हालचाल पाहत मोजा. डोळ्यांना जमत नसेल तर मोबाइलवर चित्रण करून संथ गतीने पाहा. गुदद्वारातलं तापमान घेताना तापमापकाचं टोक वंगण लावून प्रत्येक वेळी सारख्याच खोलीपर्यंत गेलं पाहिजे, उथळ घातलं तर तापमान कमी दिसतं. क्रमही महत्त्वाचा: आधी श्वास, मग तापमान, मग वजन, सर्वांत शेवटी टोचाटोची. उलट क्रमाने केलं तर सुईचा धसका बाकी सगळ्या आकड्यांत उतरतो.

रक्तदाब शेपटीला पट्टा बांधून मोजतात. त्यासाठी उंदराला नळकांड्यात शांत बसायची काही दिवस सवय लावावी लागते आणि शेपूट कोमट ठेवावी लागते. तेवढा वेळ नसेल तर रक्तदाबाच्या नादी लागू नये, हे बरं.

रक्त

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

पहिला प्रश्न, रक्त किती काढायचं. उंदराच्या अंगात दर किलोमागे साधारण 64 मिलिलिटर रक्त असतं. 200 ग्रॅमच्या उंदरात ते जेमतेम 12.8 मिलिलिटर. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणजे सव्वा मिलिलिटरच्या आसपास. यापेक्षा जास्त काढलं तर पुढच्या आठवड्यात त्याचं हिमोग्लोबिन कमी भरतं, आणि ते आपल्या सुईमुळे कमी झालेलं असतं.

म्हणूनच 407 क्रमांकाची मार्गदर्शिका एक शहाणपणाची गोष्ट सांगते. आपल्या प्रयोगशाळेकडे जुन्या निरोगी उंदरांचे आकडे पुरेसे नसतील तर रक्ताची पायाभूत तपासणी करावी का याचा विचार करा, पण शक्यतो प्रयोगाच्या गटांत नसलेल्या वेगळ्या उंदरांवर. प्रबंध करणारे पुष्कळ जण उत्साहाने सगळ्याच उंदरांचं रक्त आधी काढतात आणि मग त्याच अशक्त उंदरांना विष देतात. तसं करू नका.

दुसरा प्रश्न, कुठून. शेपटीच्या बाजूच्या शिरेतून की भूल देऊन डोळ्यामागच्या शिरांच्या जाळ्यातून? दोन्हीकडच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या सारखी येत नाही. पायाभूत नोंद शेपटीची आणि शेवटची नोंद हृदयातून, असं केलं तर फरक विषाचा राहत नाही, जागेचा होतो. भुलीचंही तसंच. झायलाझिन दिलं की रक्तातली साखर चढते. साखर मोजायची असेल तर भूल बदला, किंवा दोन्ही वेळा तीच भूल, तेवढ्याच वेळाने.

तिसरा प्रश्न, उपाशी की पोटभर. रात्रभर उपाशी ठेवायचं तर खाद्य काढून तूसही बदलावं आणि खाली जाळी ठेवावी. उंदीर स्वतःची लेंडी खातो. तळाशी ती मिळत राहिली तर उपवास कागदावरच होतो. पाणी मात्र कधीच काढायचं नाही.

नमुना कुपीत गेल्यावर पेशी मोजायच्या रक्तात गुठळी न होण्यासाठी ईडीटीए घातलेलं असतं. कुपी हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. बारीक गुठळी राहिली तर प्लेटलेट खोट्या कमी येतात. रसायनं मोजायच्या रक्तात उलट गुठळी होऊ द्यायची आणि वरचं पिवळसर रक्तजल काढायचं. ते गुलाबी दिसलं तर लाल पेशी फुटल्या आहेत, आणि त्यांच्यातलं पोटॅशियम आणि यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एसजीओटी हे विकर (एन्झाइम) बाहेर आलं आहे. असा नमुना यकृताचा निकाल देण्याच्या लायकीचा राहत नाही. नोंदवहीत ‘गुलाबी’ असं प्रामाणिकपणे लिहा.

मग नमुना गावातल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबकडे जातो, आणि तिथे नवा गोंधळ होतो. यंत्र माणसाच्या रक्तावर लावलेलं असतं. माणसाच्या लाल पेशीचं आकारमान 80 ते 100 फेम्टोलिटर, उंदराच्या पेशीचं 50-60. प्लेटलेट माणसात दीड ते साडेचार लाख, उंदरात पाच लाखांपासून पुढे दहा-बारा लाखांपर्यंत. माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त असतात. निरोगी उंदरात लिंफोसाइट, साधारण 65 ते 85 टक्के. छापील अहवालावर जागोजाग ‘कमी’, ‘जास्त’ असे ठळक शिक्के येतात. एसजीओटीही निरोगी उंदरात माणसापेक्षा वर असतं. ते शिक्के वाचून निष्कर्ष काढू नका. यंत्रात उंदराची मांडणी असेल तर ती लावायला सांगा, नसेल तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजा.

यकृतासाठी एसजीपीटी हा एसजीओटीपेक्षा नेमका मापक, कारण एसजीओटी स्नायू आणि लाल पेशींतूनही येतं. मूत्रपिंडासाठी युरिया आणि क्रिएटिनिन. सोबत एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन, साखर, कोलेस्टेरॉल.

कोलिनएस्टरेजचं वेगळं प्रकरण

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट विषं कोलिनएस्टरेज नावाचं विकर निकामी करतात. मज्जातंतूचा संदेश पोहोचला की तो थांबवणं हे या विकराचं काम. ते बंद पडलं की संदेश थांबतच नाही. लाळ, थरथर, आकडी, शेवटी श्वास बंद. रक्तात ते किती टक्क्यांनी उतरलं यावर विषबाधा ठरते. टक्के काढायचे तर आधीचा आकडा हवाच.

इथे एक खड्डा आहे. वयात आलेल्या उंदीर-मादीच्या रक्तद्रवात हे विकर नरापेक्षा बरंच जास्त असतं. नर आणि माद्या एकत्र करून सरासरी काढली तर निरोगी नरही विषबाधा झाल्यासारखे दिसतात. म्हणून दोघांची पायाभूत नोंद वेगळी ठेवा. रक्तद्रवातलं आणि लाल पेशींतलं विकरही वेगवेगळं मोजा. मज्जासंस्थेच्या विकराशी जवळचं नातं लाल पेशींतल्याचं आहे.

माणसांनाही हेच लागू आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. माणसामाणसांत हे विकर इतकं कमीजास्त असतं की हंगामापूर्वीचा आकडा नसेल तर दवाखान्यात आलेला आकडा विकर किती उतरलं ते सांगू शकत नाही.

मूत्र आणि अवयव, थोडक्यात

मूत्र जाळीच्या खास पिंजऱ्यात रात्रभर गोळा करतात. त्यात लेंडी आणि खाद्याचा चुरा पडू न देणं, एवढंच खरं कौशल्य. निरोगी नर उंदराच्या मूत्रात प्रथिनं असतातच. प्रथिनं तपासायची पट्टी हिरवी झाली म्हणून घाबरू नका; मादीशी नाही, दुसऱ्या निरोगी नराशी तुलना करा.

यकृत, मूत्रपिंड, हृदय यांची वजनं जिवंत उंदरात आधी घेता येत नाहीत. तिथे पायाभूत नोंदीचं काम नियंत्रण गट करतो. नियंत्रण गट म्हणजे ज्यांना विष सोडून बाकी सगळं तसंच मिळतं ते उंदीर: तेवढाच द्रव, तीच नळी, तेच हात.

गट पाडणं

आता विष देण्याआधीचं शेवटचं काम. मात्रेचे किमान तीन गट आणि एक नियंत्रण गट, प्रत्येकात किमान पाच नर, पाच माद्या. सुरुवातीला कोणाचंही वजन त्या-त्या लिंगाच्या सरासरीपासून 20 टक्क्यांपेक्षा दूर नसावं. सरासरी 180 ग्रॅम असेल तर 144 ते 216 च्या आतले घ्या, बाकीचे सोडा.

वाटणी चिठ्ठ्या टाकून करा. पिंजऱ्यात हात घालून जो सापडेल तो पहिल्या गटात, असं करू नका. पहिल्यांदा हाती लागतो तो संथ किंवा गरीब उंदीर. चपळ शेवटी सापडतात. म्हणजे आपण नकळत सगळे मंद एका गटात भरतो. आधी वजनाप्रमाणे रांग लावून चार-चारांचे जथे करा आणि प्रत्येक जथ्यातून चिठ्ठीने एकेक उंदीर प्रत्येक गटाला द्या. मांडणीवरच्या सर्वांत वरच्या ओळीला उजेड आणि ऊब जास्त मिळते, तेव्हा पिंजऱ्यांच्या जागाही आळीपाळीने बदला.

वाटणीनंतर गटांचे पायाभूत आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहा. आत्ताच एखाद्या गटाची सरासरी वेगळी दिसत असेल तर पुन्हा वाटा. मात्रा दिल्यावर ही संधी जाते.

आकड्यांशी कसं वागावं

निरोगी उंदरांच्या आकड्यांवरून पट्टा काढतात, ज्यात 95 टक्के निरोगी उंदीर बसतात. म्हणजे वीसातला एक निरोगी उंदीरही त्या पट्ट्याबाहेर पडणारच. हेच गटांच्या तुलनेतही होतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी मोजल्या आणि विष अगदी निरुपद्रवी असलं, तरी निदान एका गोष्टीत ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता 64 टक्के असते. म्हणून सुट्या फरकावर उडी घेऊ नका. मात्रा वाढली तसा फरक वाढला का? नर-मादी दोघांत दिसला का? एसजीपीटी वाढलं तर यकृताच्या पेशींतही सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तो फरक बहुधा योगायोगाचा.

शेवटी आपल्याच खोलीतल्या जुन्या निरोगी उंदरांची वही. दर प्रयोगातल्या नियंत्रण गटाचे आकडे तिच्यात साठवत गेलं की काही वर्षांत त्या जागेचा, त्या पाण्याचा, त्या ऋतूचा खरा पट्टा तयार होतो. तो उन्हाळ्याचा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा ठेवला तर परभणीसारख्या ठिकाणी फार उपयोगी पडतो. पण लक्षात असू द्या, जुनी वही ही साक्षीदार आहे. न्याय मात्र त्याच वेळी, त्याच खोलीत ठेवलेल्या नियंत्रण गटाशी तुलना करूनच द्यायचा.

आपण स्वतः असा प्रयोग करत असाल तर एक विनंती. प्रबंधात विषाच्या गटांचे तक्ते सगळेच छापतात, नियंत्रण गटाचा मात्र एका ओळीत उल्लेख होतो. तो तक्ता पूर्ण छापा: महिना, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, उंदराचं वय आणि लिंग, रक्त कुठून काढलं, कोणती भूल, उपाशी की पोटभर. त्या तक्त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याला पायाभूत नोंदीसाठी कमी उंदीर मारावे लागतील.